एक कमी हजार

१९६१ च्या फेब्रुवारीत खैरवाडी गावातून कोणी परगावी मुक्कामाला जायचं नाही, अशी बंदी होती. बंदी सरकारची नव्हती. ती गावचे पोलीस पाटील उकंडराव यांनी तोंडी घातली होती, आणि त्यांना ती सुचली माझ्या एका बातमीवरून. बातमी सात ओळींची होती. तिच्यातली पाचवी ओळ चुकीची होती.

मी तेव्हा खैरवाडीच्या शाळेत मास्तर होतो आणि अकोल्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. मास्तर पगारापुरता, वार्ताहर मनापासून. 'सुमारे' हा शब्द मी बातमीत येऊ देत नसे. बैलगाडी उलटली तर ती डाव्या अंगावर उलटली की उजव्या, हे विचारल्याशिवाय मी मजकूर पाठवत नसे. 'वामन मास्तर खातरी केल्याशिवाय लिहीत नाही' असं लोक म्हणतात, असा माझा समज होता. खरं तर असं म्हणणारा एकच माणूस मी पाहिला होता, आणि तो दाढी करताना आरशात दिसायचा.

त्या वर्षी जनगणना होती. घरोघरी जाऊन माणसं मोजणाऱ्याला प्रगणक म्हणत, आणि ते काम शिक्षकांकडे आलं होतं. खैरवाडीला दोन प्रगणक मिळणार होते. दुसऱ्याची बदली झाली तेव्हा मी त्याचाही भाग मागून घेतला. अख्खं गाव एकट्याच्या हातानं मोजलेलं असावं, त्यात दुसऱ्याची चूक मिसळू नये, हा हेतू. देऊळगाव राजाला आमचा प्रशिक्षणवर्ग झाला. मी मागच्या बाकावर बसून त्या वर्गाचीच बातमी लिहीत होतो, त्यामुळे वर्गात काय शिकवलं ते माझ्या कानावर फारसं आलं नाही.

बातमीचं पाकीट दोनच्या गाडीनं गेलं नाही तर बातमी शिळी होते. दोनला पंधरा मिनिटं कमी असताना मी सूचनांचं पुस्तक उघडलं, समोर आलेल्या पानावरचा नियम उचलला आणि लिहिलं: 'दिनांक २८ फेब्रुवारी रोजी जी व्यक्ती ज्या गावी मुक्कामास असेल, त्याच गावी तिची गणना होईल.' वाक्य चांगलं उतरलं. छापूनही तसंच आलं. फक्त तो नियम घरदार नसलेल्यांसाठी होता: पालावरचे, फिरस्ते, देवळाच्या ओवरीत झोपणारे. घरं असलेल्या माणसांचा नियम त्याच्या मागच्या पानावर होता, आणि मी पान मागे उलटलं नव्हतं.

उकंडरावांनी ती बातमी माझ्याकडूनच तीनदा वाचून घेतली. खैरवाडी तेव्हा शेजारच्या सोनखेडशी मिळून एका ग्रामपंचायतीत होती. बैठक सोनखेडला, पंपाची विहीर सोनखेडला, चौथीपुढची शाळाही सोनखेडला. खैरवाडीची वस्ती हजार भरली तर गावाला वेगळी पंचायत मिळेल, असं त्यांना कचेरीतल्या कोणा कारकुनानं सांगितलं होतं.

"म्हणजे अठ्ठावीस तारखेले जो गावात झोपला तो गावाचा?" त्यांनी विचारलं.

"तसंच आहे पुस्तकात."

"मंग सोपं हाय."

फेब्रुवारी लागायच्या आत चारी दिशांना बैलगाड्या गेल्या आणि दिल्या घरच्या लेकी माहेरपणाला आणल्या गेल्या. गावातल्या सुना मात्र कुठं जाणार नव्हत्या. दोन लग्नं मार्चात ढकलली. एकाला चिखलीला जाऊन दात काढायचा होता, त्याला उकंडरावांनी लवंग दिली. सोनखेडचा एक जावई तिसऱ्याच दिवशी बायकोला न्यायला तावातावानं आला. त्याला जेवू घातलं, खाट दिली आणि ठेवूनच घेतलं. मी हे सगळं पाहत होतो, आणि एका बातमीनं गाव कसं हलतं म्हणून मला बरं वाटत होतं.

दहा तारखेला मी मोजायला सुरुवात केली. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी, चिठ्ठीत तेरा प्रश्न. नाव, वय, लग्न, जन्म कुठला, भाषा कोणती, काम काय, आणि सगळ्यात शेवटी, तेराव्या प्रश्नात, स्त्री की पुरुष. समोर मिशीला पीळ देत बसलेल्या माणसाला बारा प्रश्न विचारून झाले की मी 'पुरुष' लिहीत असे. पण लिहिण्यापूर्वी नियम म्हणून एकदा वर पाहत असे.

सगळ्यात जास्त भांडण जन्माच्या प्रश्नावर झालं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे गावातलं जवळजवळ प्रत्येक थोरलं पोर कागदावर परगावचं निघालं.

"माह्या मोतीरामले बाहेरचा लिहिलं?" उकंडराव म्हणाले. मोतीराम त्यांचा थोरला मुलगा. "वावर त्याच्या नावावर हाय."

"पाटील, जन्म कुठं झाला ते लिहायचं असतं."

"तिथं सव्वा महिना होता, इथं अठ्ठावीस वर्सं हाय. मोठा हिशेब कोणता?"

"मोठा हिशेब विचारलेला नाही. जन्म विचारला आहे. तुमचा सांगा."

उकंडराव स्वतःही थोरलेच होते. त्यांचं आजोळ जालन्याकडचं, तेव्हाच्या निजामाच्या राज्यातलं. त्यांनी बराच वेळ पागोटं सारखं केलं. "लिहा बाहेरचा," ते शेवटी म्हणाले. "पण चारचौघांत बोलू नका."

सगळ्या सुना परगावच्या होत्याच, त्यात थोरल्यांची भर पडली. खैरवाडीतली निम्म्याहून जास्त माणसं माझ्या चिठ्ठ्यांवर बाहेरून आलेली ठरली. मुंबईत बसून कोणी हा आकडा पाहिला असता तर खैरवाडीला गिरणी निघाली असावी असं त्याला वाटलं असतं. मला मात्र आकड्याचं कौतुक होतं. एकही जन्मगाव मी अंदाजानं लिहिलं नव्हतं.

पाटील बापलेकांच्या चिठ्ठ्या आधीच झाल्या होत्या; तेरा तारखेला, सोमवारी, उकंडरावांच्या घरातल्या बाकीच्यांचा नंबर आला. मी त्यांच्याच गोठ्यावरच्या माडीत राहत होतो आणि दोन वेळची भाकर त्यांच्या बायकोच्या, सत्यभामाबाईंच्या हातची खात होतो. म्हणून हे घर सोपं जाईल असं मी धरलं होतं.

अंगणात एक परकी गाडी सोडलेली होती आणि तिचे बैल पाटलांचा कडबा खात होते. गाडी दुसरबीडची होती. मोतीरामची बायको अन्नपूर्णा, तिचा भाऊ शेषराव तिला बाळंतपणाला न्यायला आदल्या दिवशी आला होता. आल्यापासून तो ओट्यावरच बसून होता.

"हे पाव्हणे बी लिहून घ्या," उकंडराव म्हणाले.

"मामा, मी मोजायचा माणूस नाई," शेषराव म्हणाला. "मी न्यायचा माणूस हाय."

"अठ्ठावीसला इथं असलात तर लिहावंच लागेल," मी म्हणालो.

"म्हणजे मले बी कोंडता काय?"

आतून सत्यभामाबाई आल्या. त्यांच्या हातात परात होती आणि ती त्यांनी ओट्यावर जरा जोरातच ठेवली. "मास्तर, तुमीच सांगा यायले. मागच्या साली पोरीले इथं ठेवलं, लेकरू सातव्यात गेलं. आता नववा लागला. आपल्या गावच्या सुईणीले, तानुबाईले, सुईत दोरा ओवता येत नाई, अन् ते बाळंतपण करन. तिकडं हिची मावशी सुईण हाय, नावाजलेली. सात कोसाची गाडीवाट. आजउद्या निघाली तं पोचते. आठ दिवसानं गाडीत बसवायची सोय नाई."

"मले कळत नाई काय?" उकंडराव म्हणाले. "पण मी लोकायच्या लेकीसुना अडवल्या. कोनाचा दात अडवला. आता माह्याच दारातून गाडी निघाली तं लोक माह्या तोंडावर हासतील. अठ्ठावीस झाली की धाडतो."

"अठ्ठावीसची वाट लेकरू पाह्यते काय?"

मी तिकडे दुर्लक्ष करून चिठ्ठ्या भरायला घेतल्या. अन्नपूर्णा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वय एकोणीस. तिच्या पायांना सूज होती आणि चपला बाहेर तशाच पडल्या होत्या, कारण त्या पायात शिरत नव्हत्या. तिनं तेराही प्रश्नांची उत्तरं नीट दिली. मी चिठ्ठी बाजूला ठेवली तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, तुमी मले लिहिलं ना आता?"

"लिहिलं."

"मी इथं हाय, इथंच राह्यते, तुमी पाह्यलं, लिहिलं. मंग उद्या मी गेली तं लिहिलेलं पुसता काय?"

प्रश्न अगदी सरळ होता. तो मला आधी पडला नव्हता. पण नेमकेपणाची सवय असलेल्या माणसाला सरळ प्रश्नाचा फार राग येतो. "तसं नसतं, ताई," मी म्हणालो. "सरकारी नियम असतो. थांबा, वाचूनच दाखवतो."

मी पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. या वेळी घाई नव्हती, म्हणून मागच्या पानापासून सुरुवात केली. त्यात लिहिलं होतं की जी माणसं एरवी त्या घरात राहतात आणि १० ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान एखादा दिवस जरी तिथं हजर असतील, त्यांची गणना तिथंच करावी. मग ती नंतर... इथपर्यंत वाचून मी थांबलो. मला खोकला आला. तो खरा नव्हता.

"मंग ते नंतर काय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"भाषा जरा अवघड आहे," मी म्हणालो. "पाहून सांगतो."

मी माडीवर गेलो आणि दोन्ही पानं चार वेळा वाचली. चौथ्या वाचनालाही नियम तोच निघाला. अन्नपूर्णा मोजली गेली होती. ती आता कुठंही गेली तरी खैरवाडीचीच होती. तिला कोंडून ठेवलं होतं ते फक्त माझ्या पाचव्या ओळीनं.

यानंतर नेमक्या माणसानं खाली उतरून सांगायला हवं होतं. जिना अकरा पायऱ्यांचा होता. त्या उतरायला मला दोन दिवस लागले.

सोमवारी मी ठरवलं की आधी पर्यवेक्षकांना पत्र लिहून खातरी करावी. मंगळवारी मनात आलं की दैनिकात दुरुस्ती छापून यावी, मग गावाला सांगणं शोभून दिसेल. दुरुस्तीचे तीन मसुदे केले, त्यातल्या एकातही ही चूक नेमकी कोणाची हे कळत नव्हतं. जेवताना सत्यभामाबाई रोज विचारत, "अवघड भाषा सुटली काय?" आणि मी म्हणे, "जवळजवळ." हा शब्द मी 'सुमारे'च्याच रांगेतला समजत असे.

बुधवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आलो तेव्हा शेषराव बैल जुंपत होता. गाडी रिकामी होती.

"हरभरा वावरात उभा हाय," तो म्हणाला. "इथं बसून उपटला जात नाई. तुमची अठ्ठावीस झाली की येतो. तवर ताई राह्यली तं..." त्यानं जू बांधायला घेतलं.

दारात अन्नपूर्णानं बांधून ठेवलेलं गाठोडं होतं. ती खाली बसून ते सोडत होती. आधी एक लुगडं काढून बाजूला ठेवलं, मग जुन्या धोतराच्या धुवून घडी केलेल्या चिंध्या, बाळासाठीच्या. रडत नव्हती. एकेक घडी काढून नीट ठेवत होती.

मी ओट्याकडे गेलो. उकंडराव बसले होते, गावातली सहा माणसंही होती. सातवा तो सोनखेडचा जावई.

"पाटील," मी म्हणालो, "ती बातमी चुकीची होती."

"कोणती?"

"अठ्ठावीस तारखेची. तो नियम बेघर माणसांचा आहे. आपल्याला तो नाही."

उकंडरावांनी बंडीच्या खिशातून कात्रण काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. "छापेल हाय," ते म्हणाले. "छापेल खोटं कसं असन?"

"छापणाऱ्यांनी बरोबर छापलं. मी चुकीचं लिहिलं."

"मंग त्यायनं तपासून नाई पाह्यलं?"

"ते माझ्यावर विश्वास ठेवतात."

"काऊन?"

सोनखेडचा जावई मोठ्यानं हसला, आणि मग आपणही याच ओळीपायी तिथं आहोत हे ध्यानात येऊन थांबला.

मी खरा नियम दोनदा वाचून दाखवला. अन्नपूर्णा मोजली गेली आहे, ती जाऊ शकते, हे सांगितलं. शेषरावानं जू खाली ठेवलं. पण उकंडराव हिशेबाला पक्के होते. नियमाची दुसरी बाजू त्यांना लगेच दिसली.

"मंग या माहेरवाशिणी? यायचं काय?"

"त्या एरवी सासरी राहतात. परत गेल्या की तिथं त्या मोजल्या जातील. त्यांच्या चिठ्ठ्या इथून काढाव्या लागतील. त्यांच्या पोरांच्याही, या जावयाचीही."

"किती?"

"अडतीस."

"सारे मिळून किती भरले होते?"

"एक हजार सदतीस."

ओट्यावरची सगळी माणसं मनात वजाबाकी करायला लागली. माझी आधीच झाली होती, म्हणून मी जमिनीकडे पाहत होतो.

"नऊशे नव्याण्णव," उकंडराव म्हणाले. मग त्यांनी घराकडे मान वळवली आणि मला त्यांच्या मनातलं कळलं. "लेकरू अठ्ठावीसच्या आत झालं तं ते कुठं मोजता?"

"जिथं होईल तिथं."

"मंग हजारावा माह्या घरात हाय. अन् त्याले तुमी दुसरबीडात मोजायले धाडून राह्यले? नाई. एका माणसासाठी गाव सोनखेडच्या बुडाखाली राह्यलं तं मले लोक जिता ठेवणार नाई. पोरगी इथंच राह्यते."

अशा रीतीनं माझी चूक दुरुस्त केल्यानं अन्नपूर्णाचं काहीच भलं झालं नाही. आधी तिला माझ्या खोट्या नियमानं धरलं होतं, आता खऱ्यानं धरलं. शेषराव पुन्हा बैलांकडे वळला.

सत्यभामाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. बाहेरच्या माणसांत त्या सहसा बोलत नसत. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी कुठं मोजल्या गेले?"

मी म्हणालो, "मी?"

"हाव, तुमी. गावाले मोजता. तुमाले कोनं मोजलं?"

सांगायला हवं होतं. देऊळगाव राजाला माझे थोरले भाऊ राहत. मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात असे. दहा तारखेला गणना सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम सायकलनं तिथं गेलो होतो आणि भावाच्या घरात माझी चिठ्ठी भरून घेतली होती. माझ्या लग्नाचं पाहणं चाललं होतं आणि खैरवाडीचा रहिवासी असण्यापेक्षा देऊळगाव राजाचा असणं मला बरं वाटलं. गणनेची माहिती गुप्त राहते, ती कोणालाही दाखवत नाहीत, हे मी घरोघर सांगत हिंडत होतो. म्हणजे माझा तो रुबाब कोणाच्याही दृष्टीस पडणार नव्हता. तरी मी तो लिहून घेतला होता. आणि खैरवाडीच्या घरयादीत, गोठ्यावरच्या माडीपुढे, मी 'रिकामी' असं लिहिलं होतं. तिच्यात मी रोज झोपत होतो.

हे मी जमेल तेवढ्या थोडक्यात सांगितलं.

"तीन वर्सं झाली," सत्यभामाबाई म्हणाल्या, "माह्या हातची भाकर खाता, आमच्या माडीत झोपता, अन् मोजायची येळ आली तं देऊळगावचे?"

"रविवारी असतो मी तिथं."

"रविवारी मी मारोतीले जाते. मले मारोतीच्या देवळात मोजता काय?"

ओट्यावरची माणसं हसली. उकंडराव हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, एखाद्या बैलाचे दात बघावे तसे. "नियम काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

नियम काय म्हणतो ते मी नुकतंच दोनदा वाचून दाखवलं होतं. जो एरवी जिथं राहतो तो तिथला. नऊशे नव्याण्णव चिठ्ठ्या मी डोळ्यांत तेल घालून तपासल्या होत्या. त्यांतली एकही खोटी नव्हती. खोटी होती ती एकच, माझी, आणि ती दुसऱ्याच्या गठ्ठ्यात होती.

"मी तिथली रद्द करून येतो," मी म्हणालो.

"मंग शेषराव, बैल सोडा," उकंडराव म्हणाले. "मास्तर कागद घेऊन आले की बोलू."

दोन वाजून दहा मिनिटांनी मी निघालो आणि पावणेचारला देऊळगाव राजाला पोहोचलो. भावाच्या गल्लीचे प्रगणक जहांगीर मास्तर, उर्दू शाळेचे. ते एका घराच्या पडवीत बसून चिठ्ठ्या लावत होते. माझं बोलणं त्यांनी चष्मा काढून ऐकलं.

"वामनराव, पाच दिवसांपूर्वी तुम्हीच माझ्या मागे लागलात. मी म्हटलं, मियाँ, तुम्ही तर खैरवाडीला असता. तुम्ही म्हणालात, 'आमचा मूळ मुक्काम हाच.' कामाच्या रकान्यात मी 'शिक्षक' लिहीत होतो, तर 'वार्ताहरही लिहा' म्हणालात. याद आहे?"

"आहे."

"आता रद्द करायचं तर कारण द्यावं लागेल. वारले लिहू की गाव सोडलं लिहू?"

"चूक झाली लिहा."

"कोणाची? माझी नाही हं. वरती माझं नाव जातं."

"माझी."

"लिहून द्या," ते म्हणाले, आणि कोरा कागद पुढे केला. मी लिहून दिलं. तीन मसुद्यांत जे जमलं नव्हतं ते एका ओळीत झालं. जहांगीर मास्तरांनी ते वाचलं, चिठ्ठीवर आडवी रेघ ओढली आणि चहा मागवला. "बसा दोन मिनिटं. या वेळी तुम्ही कुठल्याच गावात नाही. फुरसत आहे तुम्हाला."

दिवेलागणीच्या आत मी परत आलो. उकंडरावांसमोर, त्यांच्याच ओट्यावर, माझी चिठ्ठी भरली. ते प्रत्येक उत्तर निरखून पाहत होते, वाचता येत नसूनही. बारा प्रश्न झाले आणि मी चिठ्ठ्या आवरायला लागलो.

"तेरावा राह्यला," ते म्हणाले.

मी 'पुरुष' लिहिलं.

"खातरी करून लिहा बरं," सत्यभामाबाई आतून म्हणाल्या.

हजार भरले. उकंडरावांनी दवंडी दिली की ज्याची चिठ्ठी झाली त्यानं खुशाल जावं. दुसऱ्या दिवशी उजाडताच अर्धं गाव रस्त्याला लागलं. माहेरवाशिणी सासरी चालल्या, सुना माहेरी, आणि तो दातवाला चिखलीला. त्यांच्यातच दुसरबीडची गाडी होती. तिच्यात कडबा पसरून वर दोन गोधड्या टाकल्या होत्या. अन्नपूर्णाला वर चढवायला सासू आणि भाऊ दोघे लागले.

बसल्यावर तिनं मला हाक मारली. "मास्तर, आता पुसत नाई ना?"

"नाही. पुस्तकात स्पष्ट..."

"पुस्तकाचं नका सांगू. तुमीच सांगा."

"पुसत नाही," मी म्हणालो.

त्यानंतर एक आठवडा दुसरबीडहून काही निरोप आला नाही. मी उरलेलं काम करत होतो. त्याच आठवड्यात वरच्या आळीतला एक म्हातारा वारला आणि गावात दोन मुलं जन्मली. मी नियमाप्रमाणे एक चिठ्ठी काढली आणि दोन घातल्या. आकडा एक हजार एक झाला. म्हणजे मला मोजलं नसतं तरी हजार भरलेच असते, आणि त्या पोरीला एक दिवसही अडवायचं कारण नव्हतं. हे उकंडरावांना सांगावं म्हणून मी बावीस तारखेला ओट्यावर गेलो. ते दुसरबीडच्या गाडीवाटेकडे तोंड करून बसले होते. आठवडाभर ते तसेच बसत होते असं सत्यभामाबाईंनी मला सांगितलं होतं. आकडा वाढल्याचं मी सांगितलं.

"हं," ते म्हणाले. किती, असंही त्यांनी विचारलं नाही.

तेवीस तारखेला दुपारी शेषराव सायकलवर आला. घामानं भिजला होता. सायकल भिंतीला टेकवताना ती पडली, ती त्यानं तशीच राहू दिली.

"अन्नपूर्णा कशी हाय?" उकंडराव उभे राहिले होते.

"बरी हाय, मामा. आता बरी हाय. दोन दिवस लागले. लेकरू पायाकडून आलं. मावशी एकटीले आवरत नव्हतं, किनगावहून दुसरी बाई आणली गाडी जुंपून. मंग ताप चढला. आज सकाळी उतरला, तवा मी निघालो. म्हटलं त्याआधी येऊन काय सांगू."

"अन् लेकरू?"

"लेक हाय. रडते मोठ्यानं."

उकंडराव खाली बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. सत्यभामाबाई उंबऱ्यातच टेकल्या आणि म्हणाल्या, "इथं असती तं..."

पेन्सिल माझ्या हातात होती. बातम्यांच्या वहीचं कोरं पानही उघडलेलं होतं. कधी उघडलं ते मला आठवत नाही. "जन्म एकवीस तारखेचा की बावीसचा?" मी विचारलं. "आणि वेळ?"

सत्यभामाबाईंनी वर पाहिलं. मी वही मिटली, पेन्सिल खिशात ठेवली आणि शेषरावासाठी पाणी आणायला आत गेलो.